तनूचे रीटेक

"कट," निनाद म्हणाला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर आपटली. "तनू, बाळा, आता काय झालं?"

"वाक्य विसरले."

"चार शब्दांचं वाक्य आहे गं. 'मी आता ओरडणार आहे.' काल हॉटेलात नाश्त्याच्या वेळी तू ते अर्धवट झोपेत म्हणत होतीस."

"सॉरी, दादा."

मी गुडघ्यांवर बसलो होतो, तिथंच फरशीवर बूड टेकलं. त्या शॉटमध्ये मला दारातून आत यायचं होतं, जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीसमोर गुडघे टेकायचे होते आणि आत हात घालायचा होता. पोरगी बाहेर येणार, माझ्याकडे बघणार, ते वाक्य म्हणणार. सिनेमातला शेवटचा सीन, आणि शूटिंगमधलाही शेवटचाच. आदल्या दिवशीपासून तो होत नव्हता. एकदा ती हसली, एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं, एकदा चप्पल अडकून पडली. मग वाक्य विसरायला लागली. आणि प्रत्येक वेळी मी पुन्हा दाराबाहेर, पुन्हा आत, पुन्हा गुडघे.

मी विश्राम चौगुले. नावावरून नाही कळणार, तोंड बघितलं की ओळखाल. आयुष्यभर खलनायक केले. सावकार केला, सासरा केला, सुनेला विहिरीत ढकलणारा दीर केला. मंडईत बायका मला बघून पिशवी छातीशी धरतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, उलट काम जमलं असं वाटायचं. पण निनादनं हा रोल सांगितला तेव्हा मी दोन वेळा नाही म्हणालो होतो. एका गावात खरोखर घडलेल्या प्रकरणावरून त्यानं ती गोष्ट लिहिली होती. क्वार्टर्समध्ये राहणारा एक सभ्य माणूस भाचीला सांभाळायला आणतो, जिन्याखाली कोंडून ठेवतो, मारतो. शेजारी ऐकतात आणि टीव्हीचा आवाज वाढवतात. तो सभ्य माणूस मी.

"खलनायकासारखं काही करायचं नाही, विश्रामदा," निनाद म्हणाला होता. "तुम्ही चांगले वाटला पाहिजेत. तीच भीती आहे."

इचलकरंजीच्या बाहेर एका बंद पडलेल्या सूतगिरणीची क्वार्टर्स आम्ही घेतली होती. निनाद वयानं माझ्या मुलाएवढा, पण पोरगा अभ्यासू. कोर्टाचे कागद वाचलेला, लहान मुलांच्या डॉक्टरांना भेटून आलेला. तनूच्या बाबतीत सेटवर त्याचे नियम फार कडक होते. तिच्यासमोर कुणी आवाज चढवायचा नाही. तिला हात लावायच्या आधी मी माझा हात तिला दाखवायचा, ती मान हलवेल तेव्हाच लावायचा. आणि शूटिंगच्या आधी आठवडाभर मी तिच्याशी दोस्ती करायची, म्हणजे कॅमेऱ्यापुढे तिला माझी भीती वाटणार नाही. ती दोस्ती करायला मला काही कष्ट पडले नाहीत. पोरगी आठ वर्षांची, बडबडी, पत्त्यांत चोरी करणारी. मी पकडलं की म्हणायची, "विश्रामकाका, तुम्ही व्हिलन आहात ना, मग तुम्ही चोरी करायची, मी नाही." म्हणजे आपली चोरी माझ्या नावावर. मला मुलगी नाही. त्या दिवसांत पहिल्यांदा वाटलं, असती तर बरं झालं असतं.

तिच्याबरोबर तिचे वडील असायचे, राजन पोतदार. सांगलीत त्यांचं स्टेशनरीचं दुकान होतं, ते भावावर टाकून आले होते. आई नर्स, तिला रजा मिळत नव्हती. पोतदार म्हणजे सेटवरचं सगळ्यांचं लाडकं माणूस. खुर्च्या उचलायला पुढे, लाईटवाल्या पोरांना सांगलीहून भडंग आणणार, कुणाचं डोकं दुखलं तर गोळी यांच्या खिशात. "असा बाप पाहिजे," आमचा मेकअपमन गजाभाऊ म्हणायचा. "बाकीच्यांचे आईबाप बघितल्यात मी. पोरगं रडायला लागलं तरी मोबाईल सोडत न्हाईत."

रोज सकाळी गजाभाऊ तनूच्या हातांवर वळ आणि डाग रंगवायचा. सिनेमातल्या मुलीला मार बसायचा ना. मी शेजारच्या खुर्चीत पावडर लावून घेत असायचो. एके दिवशी ती त्याच्या हाताकडे बारकाईनं बघत म्हणाली, "गजाकाका, हा कालचा आहे ना? गोष्टीत?"

"व्हय."

"मग एवढा जांभळा नसतो. कडेनं हिरवा होतो आधी, मग पिवळा. मधलं सगळ्यात शेवटी जातं."

गजाभाऊनं ब्रश थांबवून माझ्याकडे बघितलं आणि खो खो हसला. निनाद आला तर त्याला पण सांगितलं. निनाद खूश. "बघा, काय निरीक्षण आहे. मी डॉक्टरकडून फोटो आणले, त्यात अगदी असंच आहे." त्या दिवसापासून गजाभाऊ तिला विचारून रंग लावायला लागला. मी पण कौतुकानं दोन-चार जणांना हा किस्सा सांगितला. खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड वाटलं होतं.

सिनेमाच्या सेटवर असंच असतं. तिथं रक्त डब्यात मिळतं, जखम ब्रशनं होते. पोराच्या अंगावर डाग दिसला तर आम्ही फक्त एवढंच विचारतो, कालच्या सीनमध्ये हा होता का?

तर ती चुकत होती. महिनाभर एका टेकमध्ये काम करणारी पोरगी शेवटच्या सीनला अडून बसली. संध्याकाळी जागा खाली करायची होती. खिडकीतून येणारं ऊन सरकत होतं आणि निनादला तेच ऊन पाहिजे होतं.

पोतदार पुढे आले. "निनादजी, मी बोलू का तिच्याशी? दोन मिनिटं."

तनू पटकन म्हणाली, "विश्रामकाका बोलतील."

सगळे हसले. पोतदारही हसले. "बघा, बापापेक्षा व्हिलन जवळचा." मी तिला घेऊन मागच्या पायऱ्यांवर बसलो. गिरणीच्या आवारात गवत माजलं होतं, एक शेळी चरत होती. तनू तिच्याकडे बघत बसली.

"काय झालंय?" मी विचारलं. "भीती वाटते का त्या सीनची?"

"नाही."

"माझी वाटते?"

"ह्या. तुम्हाला कोण घाबरतंय."

"मग कंटाळा आला असेल. घरी जायचं असेल आईकडे."

ती नखानं पायरीवरचा चुना खरवडत राहिली. मग म्हणाली, "आज झालं नाही तर उद्या करतात का?"

"उद्या जागा नाही आपल्याला. पण नाहीच झालं तर करावं लागेल काहीतरी. निनाददादा बिचारा अडचणीत येईल."

"एकच दिवस?"

"तनू, इकडे बघ." मला वाटलं पोरगी दमलीय, हट्टाला पेटलीय. चाळीस वर्षं नटाचं काम केलेला मी, कुणाकडून काम कसं काढून घ्यायचं मला चांगलं ठाऊक. आणि निनादच्या नियमात असं कुठं लिहिलं नव्हतं की प्रेमानं भीड घालायची नाही. "तू चुकलीस की मला परत गुडघे टेकावे लागतात. माझं वय झालंय बाळा. रात्री झोप नाही आली मला, इतके ठणकत होते. दुसऱ्या कुणासाठी नको, माझ्यासाठी कर एकदा नीट."

तिनं माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. "खरंच दुखतात?"

"खूप."

तसे ते फार दुखत नव्हते. तिनं बराच वेळ विचार केला. एवढ्याशा गोष्टीला पोरगी एवढा विचार का करतेय, असं माझ्या मनात आलं खरं. मग ती उठली, फ्रॉक झटकला. "बरं," म्हणाली.

शॉट एका टेकमध्ये झाला. तुम्ही तो सिनेमा बघितला असेल तर तुम्हाला तो आठवत असणार. ती बाहेर येते, माझ्याकडे बघते. डोळ्यांत पाणी नाही, भीती नाही, काहीतरी सोडून दिल्यासारखं आहे. आणि ती ते वाक्य इतकं हळू म्हणते की मी माझं पुढचं काम विसरलो. निनाद कट म्हणायचा विसरला. मग सगळ्या युनिटनं टाळ्या वाजवल्या. निनाद रडत होता. पोतदारांनी पेढ्यांचा बॉक्स आधीच आणून ठेवला होता, तो फोडला, पहिला पेढा माझ्या तोंडात घातला. "तुमच्यामुळं झालं, चौगुलेसाहेब," म्हणाले.

मेकअपच्या खोलीत मी मिशी काढत होतो. गजाभाऊ खोबरेल तेलाचा बोळा घेऊन तनूचे हात पुसत होता. जांभळं, हिरवं, पिवळं कापसावर उतरत होतं. हात झाले, मग मान पुसायला त्यानं तिचे केस वर केले, फ्रॉकची कॉलर जरा खाली ओढली. खांद्याच्या मागं एक डाग होता. त्यानं गप्पांच्या नादात त्यावरून बोळा फिरवला. परत फिरवला. जरा जोर दिला. तनूनं खांदा चोरला.

"काका, तो नाही निघणार," ती म्हणाली.

गजाभाऊचा हात तिथंच राहिला. त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. "विश्रामराव, हा माझा न्हाई. पाठीवर मी कामच केलं न्हाई."

मी उठून बघितलं. कडेनं पिवळा झाला होता, मधे अजून काळसर होता. शूटिंगला मधे सुट्टी होती तेव्हा दोन दिवस ती सांगलीला घरी जाऊन आली होती.

"कुठं लागलं गं?" मी विचारलं. माझाच आवाज मला खोटा वाटला.

तिनं दाराकडे बघितलं. दार बंद होतं. "उद्या शूटिंग नाही ना आता?"

"नाही. संपलं."

"एक पण शॉट राहिला नाही?"

"नाही बाळा. का?"

"शूटिंग असलं की बाबा मारत नाहीत. गजाकाकांना दिसतं म्हणून." मग कॉलर वर ओढत, मीच काही विचारल्यासारखं, समजुतीच्या सुरात म्हणाली, "मी अजून पण चुकणार होते. पण तुमचे गुडघे दुखत होते ना."

गजाभाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी काय केलं? मी तिला पाणी दिलं. दुसरं काही सुचलंच नाही, आई शप्पथ. चाळीस वर्षं दुसऱ्यानं लिहिलेलं बोलत आलो होतो, आणि त्या वेळी माझ्या तोंडातून एक वाक्य निघालं नाही.

मग मी पळत निनादकडे गेलो. तो कॅमेऱ्याचं सामान भरून घेत होता. त्याला बाजूला ओढून सगळं सांगितलं. "काहीही सांग. शॉट खराब झालाय म्हण. फोकस गेलाय म्हण. उद्याचा दिवस थांबव त्यांना."

त्यानं हातातली वायर खाली ठेवली. "तुमची खात्री आहे, विश्रामदा? पोतदार? अहो, मी तिला निवडताना तीन वेळा त्यांच्या घरी जेवलोय."

"पोरीनं स्वतः सांगितलंय."

तो वाईट माणूस नव्हता, आजही नाही. खाली गेला, पोतदारांना म्हणाला की एक शॉट परत घ्यावा लागेल बहुतेक. पोतदारांनी हात जोडले. "निनादजी, उद्या तिची शाळा. नंतर बोलवा, कधीपण येतो आम्ही." गाडीचं दार उघडंच होतं. तनू गजाभाऊबरोबर खाली आली, तोंड धुतलेलं, दोन वेण्या घातलेल्या. तिनं मला टाटा केला. पोतदारांनी तिला उचलून सीटवर बसवलं, पट्टा लावला, तिच्या मांडीवर पेढ्यांचा उरलेला बॉक्स ठेवला. आजूबाजूला युनिटची पंचवीस-तीस माणसं उभी होती, सगळी हात हलवत होती. निनाद माझ्याकडे बघत होता, मी निनादकडे. गाडी गेली.

मी दुसऱ्या दिवशी मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला. तो नंबर आमच्या सिनेमाच्या शेवटच्या पाटीवर येणार होता, म्हणून पाठ होता. त्यांनी नीट लिहून घेतलं. काही दिवसांनी त्यांच्या बाई बोलल्या. घरी जाऊन आलो, म्हणाल्या, मुलगी काही बोलली नाही. वडिलांनी मोबाईलवर फोटो दाखवले, वळ रंगवलेले, मुलगी हसतेय. तुमच्याच सिनेमाचे. "तुमचा काही गैरसमज झाला असेल का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही झाला. परत जा. त्या हो म्हणाल्या. गेल्या की नाही मला माहीत नाही.

निनाद म्हणाला, सिनेमा लागू दे, मग आपलं लोक ऐकतील. बायको म्हणाली, तुम्ही सारखं व्हिलनचं काम करता, उलट तुमच्यावरच येईल. मी सांगलीला जायचं दोनदा ठरवलं आणि दोनदा शूटिंगची तारीख आली. आणि खरं सांगायचं तर तिच्या आईचा मला राग होता. ती एकदाच सेटवर आली होती, डबा घेऊन. बारीक, गप्प बाई. नवरा बोलत होता आणि ही चटईचा काठ सरळ करत बसली होती. तेव्हाही मला ती आवडली नव्हती. नर्स आहे म्हणे, जगाच्या जखमा बांधते, आणि घरातल्या दिसत नाहीत? आईला माहीत नसेल होय? माहीत आहे आणि गप्प आहे, म्हणजे तीही त्यातलीच. असा मी निकाल देऊन मोकळा झालो होतो.

सव्वा वर्षानं सिनेमाला बक्षिसं मिळाली. तनूलाही मिळालं, त्याच शॉटसाठी. मुंबईला मोठा समारंभ होता. मी दुसऱ्या रांगेत होतो. पोतदार सुटात, तिच्या खांद्यावर हात ठेवून स्टेजवर गेले. ती उंच झाली होती आणि बारीक झाली होती. निवेदक पोरगा गुडघ्यांवर बसून तिच्यापुढे माईक धरून म्हणाला, "तनया, सगळ्यात अवघड काय होतं शूटिंगमध्ये?"

"शेवटचा शॉट."

"का? लांब होता?"

"नाही. मी मुद्दाम चुकत होते. मग ओके टेक द्यावा लागला."

लोक हसले. निवेदकाला चेव आला. "मुद्दाम? का बरं?"

"शूटिंग संपू नये म्हणून."

अख्खा हॉल हसला. कुणीतरी "सो क्यूट" म्हणालं. टाळ्या पडल्या, पोतदारांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या शेजारी निनाद मान खाली घालून बसला होता. तनू हसत नव्हती. ती त्या उजेडातून खाली कुणालातरी शोधत होती, आणि मला वाटलं मलाच शोधतेय, म्हणून मी खुर्चीत जरा खाली सरकलो.

दोन दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"चौगुलेदादा, मी तनयाची आई बोलतेय. नंबर गजाभाऊंकडून घेतला. आम्ही दोघी माझ्या भावाकडे आलोय, बेळगावला. परत जाणार नाही."

"तनू बरी आहे?"

"झोपलीय. आल्यापासून नुसती झोपतेय. खाते आणि परत झोपते." मग त्या म्हणाल्या, "परवा ती असं बोलली तेव्हा सगळे हसले. मी तुमच्या मागं तीन-चार रांगा सोडून कडेला होते, बाजूनं तुमचं तोंड दिसत होतं. तुम्ही हसला नाहीत."

"नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

मी सांगितलं. शेवटचा दिवस, खांद्यावरचा डाग, गाडी. हेल्पलाइनचंही सांगितलं. ती माणसं आल्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं, त्या ड्यूटीवर होत्या. फोनमध्ये कुठंतरी प्रेशर कुकरची शिट्टी वाजली, कुणीतरी गॅस बारीक केला.

"दादा, मला वाटायचं हे एकटीला मलाच दिसतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "सासरचे म्हणायचे, तुझं डोकं फिरलंय, राजनसारखा बाप शोधून सापडणार नाही. तुमच्या सेटवर आले तर तिथंही सगळे त्यांना देवमाणूस म्हणत होते. मग मला वाटायला लागलं, खरंच माझंच काहीतरी चुकतंय. अजून एका माणसाला दिसलंय एवढं जरी मला कळलं असतं ना, तर मी तेव्हाच निघाले असते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सव्वा वर्ष," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ठेवते. तिला जेवायला उठवते."

निनादला मी सांगितलं होतं. हेल्पलाइनला सांगितलं होतं. बायकोला, एकदा प्रवासात एका अनोळखी माणसालासुद्धा सांगितलं होतं, इतकं ते माझ्या पोटात राहत नव्हतं. फक्त तिच्या आईला सांगितलं नव्हतं.